उलट्या पाखराची गिन्नी

देवळीत माझ्या बायकोला पाठीमागे 'पाखरावाली बाई' म्हणतात. तोंडावर मीराबाई म्हणतात, नाहीतर ड्रॉइंगच्या बाई. पण पोस्टात, एसटी स्टँडवर, भाजीच्या दुकानात कोणी दोघं तिच्याबद्दल बोलायला लागले की ती पाखरावालीच. आणि मी पाखरावाल्या बाईचे मिस्टर. पंचायत समितीत उभी हयात घातली, माझ्या सहीशिवाय तालुक्यातला कागद पुढे सरकत नव्हता, तरी ओळख ही अशी. आधी मला राग यायचा. आता येत नाही, असं मी लोकांना सांगतो.

मीरा मूळची वर्ध्याची. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. रद्दी झालेल्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर ती चित्रं काढायला शिकली, पुढे नागपूरला चित्रकलेची परीक्षा दिली आणि देवळीच्या शाळेत लागली. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला वाटलं, चला, ड्रॉइंगची मास्तरीण येते आहे, दिवाळीला दारात रांगोळ्या तरी चांगल्या पडतील. रांगोळी तिनं आजवर काढली नाही. म्हणते, पुसायचीच आहे तर काढायची कशाला.

तिची खोड वेगळीच होती. दोन सारख्या वस्तू तिच्यापुढे ठेवा, त्या सारख्या राहायच्या नाहीत. दूधवाल्याची दोन मापं बघून म्हणाली, या मापाचा काठ आतून चेपलाय, तुम्ही आम्हाला याच मापानं काऊन देता? दूधवाला दुसऱ्या दिवसापासून दुसरं माप आणायला लागला. माझ्या शर्टाची गुंडी तुटली आणि मी बाजारातून तशीच आणून लावली, तर जेवता जेवता म्हणाली, ही गुंडी या शर्टाची नाही. मी म्हटलं, बाई, शर्ट माझा, गुंडी माझी, तुझं काय जातं? पण ज्याला दिसतं त्याला दिसतं, त्याचा इलाज नाही.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात सेवाग्रामला एक म्हातारा अमेरिकन पाहुणा येऊन राहिला होता, हॅरल्डसाहेब. सूत कातायला शिकायला आला होता आणि ते त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. आमच्या शाळेचं प्रदर्शन बघायला कोणीतरी त्याला देवळीला आणलं. मीरानं कापसाची दोन बोंडं शेजारी शेजारी काढून टांगली होती. साहेब त्या चित्रापुढून हलेना. दुभाष्याला म्हणाला, विचार यांना, हा फरक मुद्दाम काढलाय का? मीरा म्हणाली, बोंडंच तशी होती, त्याला मी काय करू? पुढच्या आठवड्यात गडी खोकंभर फोटो घेऊन आमच्या दारात हजर.

फोटो होते त्याच्या देशातल्या जुन्या सोन्याच्या नाण्यांचे. एका बाजूला मऊ टोपी घातलेली बाई, भोवती चांदण्या, खाली साल. दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड, छातीवर ढाल, डोक्यावर ढग. सगळी नाणी मला तर एकाच आईची लेकरं दिसली. मीरानं मला चहा गार होईपर्यंत समजावलं. त्या काळी तिकडे नाण्याचा ठसा हातानं बनवायचे. पोलादाच्या तुकड्यावर बाईचा मुखडा एका घावात, पण चांदण्या एकेक करून ठोकायच्या, आकडे एकेक, अक्षरं एकेक. त्यामुळे कुठल्याही दोन ठशांवर चांदणी बरोबर त्याच जागी बसत नाही. कुठे अक्षराला टेकते, कुठे टोपीपासून लांब राहते. ठसा लवकर फुटायचा, फुटला की नवा बनवायचे. नाणं हातात घेतलं की ते कुठल्या ठशातून निघालं, हे सांगता येतं, फक्त बघायला डोळे पाहिजेत.

साहेबाचे डोळे थकले होते आणि हात कापत होता. त्याला प्रत्येक ठशाचं मोठं, रेघांचं चित्र हवं होतं. तो मायदेशी गेला तरी तिकडून फोटो यायचे आणि इकडून चित्रं जायची. सात वर्षं आमच्या घरात तीच ती टोपीवाली बाई. माझी आई गावाहून आली की भिंतीकडे बघून विचारायची, ही कोण लागते रे आपली? मी चिडायचो. रविवारी घरात वांग्याची भाजी करपलेली आणि ही भिंगातून एका चांदणीचं टोक बघत बसलेली. एकदा तर मी म्हणालो, अगं, ज्या नाण्याला तू आयुष्यात हात लावला नाहीस, कधी लावणार नाहीस, त्याच्यासाठी मला का उपाशी मारतेस? तिनं भिंग पुसून पुन्हा डोळ्याला लावलं. पण ते तिला लागलं होतं, कारण ते खरंच होतं. एवढ्या वर्षांत तसलं एकही नाणं तिनं डोळ्यानं पाहिलं नव्हतं, फक्त फोटो.

आणि एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते नाणं आपल्या पायानं आमच्या घरात आलं. म्हणजे नत्थूजी सोनाराच्या धोतराच्या सोग्यात बांधून आलं.

नत्थूजींचं दुकान बाजारात, मारुतीच्या पाराजवळ. बापाच्या काळापासूनचं. देवळीच्या आसपासच्या गावांतल्या निम्म्या बायकांच्या गळ्यातलं डोरलं त्यांच्या हातचं. माणूस सरळ, थोडा तिरसट, गिऱ्हाईकाशी वाद घालणारा, पण गुंजभर इकडची तिकडे करणारा नाही. ते त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले, पाणी घेतलं आणि प्यायलेच नाहीत.

"बाई," ते मीराला म्हणाले, "तुमी त्या नान्यायचे चित्रं काढता म्हने. हे पाहा आन मले सांगा, मी चोर हाओ का म्हातारा झालो?"

सोग्याची गाठ सोडून त्यांनी गिन्नी पाटावर ठेवली. मीरा जागची उठली आणि पुन्हा खाली बसली. टोपीवाली बाई. खाली साल अठराशे सहा. मी तिच्याकडे बघत होतो, तिचे डोळे भरून आले होते. तिनं आधी पदराला हात पुसले आणि मग ती गिन्नी कडेनं धरून उचलली. आमच्या लग्नात तिनं मंगळसूत्रसुद्धा इतक्या जपून धरलं नव्हतं. मला त्या क्षणी ती वांग्याची भाजी आठवली आणि लाज वाटली, हेही सांगून टाकतो.

भानगड अशी होती. देवळीपासून दोन कोसांवर रूपरावांचं गाव. जुनं शेतकरी घर. त्यांच्या पणजोबांनी कुठल्याशा तेजीत हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकला, तेव्हा कोणा व्यापाऱ्यानं अशा दोन गिन्न्या दिल्या, असं घरात सांगत आले. वाटणीत एक रूपरावांकडे राहिली, दुसरी त्यांचे धाकटे भाऊ बबनराव यांच्याकडे गेली. ते गिरडला राहतात. घरात या गिन्नीला मोठा मान. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होते आणि घरातली मुलगी लग्नाला उभी राहते ती गळ्यात ही गिन्नी घालूनच. त्यांना त्यातल्या बाईचं काही नाही. त्यांचं दैवत म्हणजे तो गरुड. त्याला ते पाखरू म्हणतात, राखणदार पाखरू. दाण्याचं राखण करते म्हणे.

रूपरावांची मुलगी जयवंता, शाळेत मीराच्याच हाताखाली शिकलेली. तिचं लग्न ठरलं. गिन्नीची कडी झिजली होती म्हणून जयवंताच्या आईनं, शकुबाईनं, ती नत्थूजींकडे नवी कडी लावायला दिली. नत्थूजींनी जुनी कडी काढली, नवी लावली, गिन्नी उजळून दिली. शकुबाईनं घरी जाऊन मुलीच्या गळ्यात घालून पाहिली, तर पाखरू डोक्यावर उभं. पाय वर, चोच खाली.

झालं. शकुबाई म्हणजे साधं प्रकरण नाही. दुसऱ्या दिवशी भर बाजारात तिनं गिन्नी नत्थूजींच्या गादीवर आपटली, ती परत घेतलीच नाही. "माह्यं पाखरू सरकं होतं. हे कोनाचं पाखरू माह्या पोरीच्या गळ्यात घालून राह्यले तुमी?"

नत्थूजी सांगत होते की बाई, जुनी कडी उलटी होती. देवीच्या पायाशी होती. आमच्या नत्थूजींना ती टोपीवाली बाई लक्ष्मी वाटली आणि लक्ष्मी उलटी लोंबते, हे काही त्यांना बघवेना. म्हणून त्यांनी आपल्या मनानं कडी तिच्या डोक्यावर बसवली. पुण्याचं काम केलं, असं समजून गप्प बसले. मागचं पाखरू त्यानं उलटं होईल, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. कोणाच्या येईल? सोबत आलेल्या रूपरावांनी खिशातून रुपया काढला आणि सगळ्यांसमोर फिरवून दाखवला. पुढून सिंह सरळ, मागून आकडा सरळ. म्हणाले, "खऱ्या नान्याचं असं असते. एक बाजू सरकी तं दुसरी बी सरकी. हे नानंच येगळं हाये." बघणाऱ्यांना पटलं. मला विचाराल तर मी तिथे असतो तर मलाही पटलं असतं.

त्यात ताराचंद नावाच्या नागपूरच्या एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याचं नाव कोणीतरी घेतलं. तो मागच्या महिन्यात देवळीत फिरत होता, नत्थूजींच्या दुकानात चहा प्यायला होता. एवढं पुरे झालं. घरची जुनी गिन्नी ताराचंदला दिली आणि त्याच्याकडची हलकी आणून लावली, असा बोभाटा बाजारभर झाला. आठवड्यात दुकानात चिटपाखरू फिरकेना. ज्यांचे दागिने घडवायला दिलेले होते ते लोक अर्धवट दागिने परत घेऊन गेले. नत्थूजींच्या बापाचं नाव होतं त्या पाटीवर. ते जात होतं.

"रूपराव म्हनते गिरडच्या पहाडीवर चाल, बाबाच्या दरग्यात हात ठेवून सांग. मी जातो. मले कायचा भेव?" नत्थूजी म्हणाले. मग आवाज खाली गेला. "पन बाई, आता मलेच वाटून राह्यलं. मोतीबिंदूचं आपरेशन झालं तवापासून उलसं धूसर दिसते. काय सांगावं, मीच तं काई अदलाबदल केली नाई?"

हे ऐकून मला गलबलून आलं. चोर म्हटलेलं माणूस सहन करतो, पण आपल्या हातावरचा त्याचा विश्वास जातो तेव्हा काही उरत नाही.

मीरा म्हणाली, "नत्थूजी, तुम्ही शपथ घ्याल, अर्धं गाव मानेल, अर्धं गाव म्हणेल खोटी घेतली. शपथेनं भागायचं नाही. पाखरू उलटं का, ते मला ठाऊक आहे. त्या देशात नाणं तसंच पाडायचे, एक बाजू वर तर दुसरी खाली. हॅरल्डसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं." ती थांबली. "पण ही गिन्नी त्याच घरातली, हे दाखवायचं तर जुनी गिन्नी कशी होती ते कुठेतरी दिसायला हवं."

मी म्हटलं, लग्नघरात आपण नाक खुपसायचं नाही. मुलीकडची माणसं तापलेली आहेत. ती म्हणाली, बरं. आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सायकल घेऊन रूपरावांच्या गावाला निघून गेली. माझ्या 'नाही'ला आमच्या घरात एवढीच किंमत.

शकुबाईनं तिला घरात घेतलं नाही. पण जयवंता गोठ्याच्या बाजूनं बाहेर आली. मीरानं तिला विचारलं, तुझ्या आजीनं ती गिन्नी कधी ओल्या मातीवर, लाखेवर, कशावर दाबली होती का, तिचा छाप कुठे राहिलाय का? जयवंता म्हणाली, "हो ना बाई. कोठीवर हाये ना. नवी कोठी केली तवा आजीनं पाखरू दाबलं तिच्या तोंडाजवळ. दोन्ही बाजू. दाणा राखाले."

मीरा घरी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि ती शीळ घालत होती. मला वाटलं ऊन लागलं.

हळदीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. नत्थूजी येत नव्हते, मी त्यांना दंडाला धरून आणलं. मांडवात ते आले नाहीत, बाहेर निंबाखाली बसले. बबनराव आणि त्यांच्या घरची मंडळी गिरडहून सकाळीच आलेली, त्यांच्या बायकोच्या, रुख्माबाईच्या गळ्यात त्यांच्या वाटणीची गिन्नी. शकुबाई मीराला बघून फणकारली, "बाई, तुमी कायले आल्या? त्या सोनाराची वकिली कराले?"

"हो," मीरा म्हणाली. "आणि वकिली खोटी निघाली तर तुमच्या हातानं मला इथून हाकला."

मांडवात हसू फुटलं. शकुबाईला नाही म्हणता येईना.

मीरानं रुख्माबाईकडून त्यांची गिन्नी मागितली. पाखरू सरळ होतं. मीरानं कडी धरून ती फिरवली. टोपीवाली बाई डोक्यावर उभी. माणसं पुढे सरकली. "हिची कडी कोणी बदलली?" मीरानं विचारलं. रुख्माबाई म्हणाली, सासूबाईनं दिली तशी हाये, हात लावला नाई कोनी. मीरानं रूपरावांकडे पाहिलं. "भाऊ, तुमचा रुपया आपल्या देशाचा. ही गिन्नी त्या देशाची. तिकडे दोन्ही बाजू उलट्यासुलट्याच असतात. पाखरू सरळ लावलं तर बाई उलटी, बाई सरळ लावली तर पाखरू उलटं. तुम्ही कधी मागची बाजू पाहिली नाही, कारण ती छातीकडे असते."

रूपराव शहाणा माणूस. त्यांनी गिन्नी स्वतः दोनदा फिरवून बघितली आणि म्हणाले, "हे कबूल. पन बाई, ताराचंदची गिन्नी बी त्याच देशाची असंन. ही माह्यीच कायवरून?"

मला वाटलं, आता अडलं. पण मीराला तेच पाहिजे होतं.

तिनं नत्थूजींकडून घेतलेली गिन्नी काढली, दोन्ही शेजारी शेजारी पाटावर ठेवल्या आणि भिंग रूपरावांच्या हातात दिलं. चांदण्या मोजा म्हणाली. बबनरावांच्या गिन्नीवर बाईच्या एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सहा. नत्थूजींनी कडी बदललेल्या गिन्नीवर एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला पाच. सालातला सहाचा आकडा बघा म्हणाली. एकीवर त्याच्या शेंड्याला गोळा, दुसरीवर अणकुचीदार टोक. एकाच सालच्या, एकाच घरात इतकी वर्षं राहिलेल्या गिन्न्या, आणि त्या वेगळ्या होत्या हे घरात कोणाला माहीत नव्हतं. मग तिनं ठशाची गोष्ट सांगितली, मला सांगितली होती तशीच, फक्त थोडक्यात. ठशाला तडा गेला की नाण्यावर उचललेली रेघ येते आणि तो तडा घावागणिक वाढत जातो, म्हणून दोन नाण्यांवर रेघ सहसा तेवढीच भरत नाही, हेही सांगितलं. मी आमच्या घरात इतकी वर्षं जे ऐकून कंटाळलो होतो ते ऐकायला आख्खा मांडव मान वर करून उभा होता.

"आता कोठीकडे चला," ती म्हणाली.

कोठी माजघरात. माणसाच्या उंचीची, मातीची, तोंडाजवळ बारीक चाळलेल्या पांढऱ्या मातीचा लेप. त्यात दोन गोल खड्डे, हळदीकुंकवानं भरलेले. ती जागा कधी सारवत नाहीत. मीरानं पिशवीतून पाण्याच्या रंगाचा ब्रश काढला आणि वर्षानुवर्षांचं हळदकुंकू अलगद झाडायला लागली. शकुबाई तिच्या खांद्यावरून बघत होती. माती दिसली, मग चांदण्या, मग बाईचा चेहरा.

"थांबा," शकुबाई ओरडली. "हे पाहा. गिन्नीवरची बाई इकडं पाह्यते, आन कोठीवरची तिकडं. पाह्यलं का समद्यायनं? खोटी हाये ती गिन्नी."

मागून कुजबूज झाली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं माझी बायको हरली.

मीरा म्हणाली, "शकुबाई, उलसी कणीक द्या."

पहिला गोळा चुकला. स्वयंपाकाची कणीक भरड, ती मातीला चिकटून बसली आणि बाईचं नाकच राहिलं. लोक हसले. तेवढ्यात जयवंता, अंगाला हळद लागलेली नवरी, उठून पुऱ्यांसाठी मळलेला मैदा घेऊन आली. मीरानं त्याला तेलाचा हात लावला, खड्ड्यात दाबला, थोपटला आणि हळूच सोडवला. मैद्यावर बाई उठून आली होती, आणि ती आता गिन्नीतल्या बाईसारखी इकडेच बघत होती. शिक्का दाबला की उलटा उमटतो, त्यावरून पुन्हा उठवला की सरळ. गावच्या कागदांवर पोलिसपाटलाचा शिक्का नेहमी बघणाऱ्या रूपरावांना ते सांगावं लागलं नाही.

मीरानं मैद्याचा तो गोळा, गिन्नी आणि भिंग शकुबाईच्या हातात दिलं. "मी काही सांगत नाही. तुम्ही तुरीच्या दाण्यातून खडा वेचता, तुमचे डोळे माझ्यापेक्षा बरे. तुम्हीच बघा आणि सांगा."

शकुबाई उंबऱ्यात, उजेडात जाऊन बसली. आधी तिनं चांदण्या मोजल्या. ओठ हलत होते. आठ. मग दुसरीकडच्या, पाच. मग सहाचा शेंडा बघितला. पुष्कळ वेळ बघितला. मांडवात ढोलवाल्यानंसुद्धा हात थांबवला होता.

"इथं एक काडीवानी रेघ हाये," ती म्हणाली, आवाज बदललेला. "टोपीपासून चांदनीपर्यंत." तिनं गिन्नी डोळ्याजवळ नेली. "इथं बी हाये. तेवढीच."

मीरानं विचारलं, "आणि मैद्यावर कडीची खूण कुठे आहे?"

शकुबाईनं बोटानं चाचपलं. कडीचा उंचवटा बाईच्या पायाशी होता, सालाच्या खाली. म्हणजे सासूबाईंनी ही गिन्नी कोठीवर दाबली तेव्हाच कडी बाईच्या पायाशी होती. अगदी नत्थूजी सांगत होते तशी.

मीराकडे बघितलं तर ती मला हसून, भिंग पुसत, भुवया उडवून दाखवत होती. सात वर्षांचा हिशेब चुकता केला बाईनं एका भुवईत. मी मान खाली घातली आणि मलाही हसू आलं. माझी छाती मात्र इतकी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटेल असं वाटलं. रूपराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गिन्नी आपली हाये. सोनार खरा हाये." आणि मांडवात एकदम गलका उठला. बबनरावांनी मीराला वाकून नमस्कार केला आणि ढोलवाल्यानं कोणी न सांगता ढोल पिटायला सुरुवात केली.

शकुबाई मात्र उंबऱ्यातून उठली ती सरळ निंबाखाली गेली. आम्ही मागे मागे. नत्थूजी उभे राहिले. त्यांना काय झालं ते कळलं होतं, पण विश्वास बसत नव्हता, चेहऱ्यावरून दिसत होतं. शकुबाईनं गिन्नी त्यांच्यापुढे धरली. "कडी पाखराच्या डोक्यावर लावून द्या. आत्ताच्या आत्ता. पोट्टी गिन्नीबिगर बोहल्यावर चढत नाई."

"आवजारं दुकानात हायेत," नत्थूजी म्हणाले. रूपरावांनी मोटरसायकलवर माणूस पाठवला. अवजारं आली. मांडवाच्या दाराशी, पाहुण्यांच्या गर्दीत, नत्थूजींनी दिवा लावला, फुंकणी तोंडाला धरली आणि काम केलं. हात जरासुद्धा कापला नाही. मीरा शेजारी बसून फक्त इतकंच म्हणाली, "लक्ष्मी उलटी होईल, नत्थूजी." ते म्हणाले, "होऊ द्या बाई. इथं मान पाखराचा हाये."

त्यांनी गिन्नी पुसून शकुबाईला दिली. ती तिनं जयवंताच्या गळ्यात बांधली. मग तिनं मागे हात नेऊन आपल्या गळ्यातल्या बोरमाळेची गाठ सोडली. डोरलं तेवढं राहू दिलं. बोरमाळ नत्थूजींच्या तळव्यावर ठेवली.

"गाठायची हाये," ती म्हणाली. "मनी ढिले झाले. सवडीनं देजा."

नत्थूजींनी सवयीनं पेटीतून तराजू काढला. आमच्याकडे सोनार दागिना घेताना गिऱ्हाईकासमोर तोलतो, गिऱ्हाईक काट्यावरून नजर हलवत नाही, ती रीतच आहे. त्यांनी माळ पारड्यात ठेवली आणि काटा शकुबाईकडे फिरवला.

शकुबाईनं पाठ फिरवली. "मले पाह्यचं नाई," ती म्हणाली, आणि नवरीला घेऊन मांडवात निघून गेली. नत्थूजी तराजू हातात धरून तसेच बसले, आणि सगळ्या मांडवासमोर रडले.